'डॉक्टर हू'चा सुवर्णकाळ कोणता? या वादात उतरण्याआधी काय पाहावं, कसं पाहावं

'डॉक्टर हू' बघायला लागून महिना-दोन महिने झाले की तुम्हाला कोणीतरी विचारतंच, तुमच्या मते या मालिकेचा सर्वांत चांगला काळ कोणता आणि सर्वांत वाईट कोणता? नवा चाहता इथे बहुधा दोनपैकी एक चूक करतो. एक तर ऐकीव मत स्वतःचं म्हणून ठोकून देतो, नाहीतर 'आपल्याला काय कळतंय' म्हणून गप्प बसतो. दोन्हींत तोटा त्याचाच, कारण ही मालिका आवडण्यातला निम्मा आनंद या वादात आहे. मी हा वाद अनेक वर्षं घालत आलोय, माझी मतं त्यात तीन-चार वेळा पार उलटली आहेत, आणि प्रत्येक वेळी मालिका आधीपेक्षा जास्त आवडू लागली. म्हणून नव्याने येणाऱ्यांसाठी हा रस्ता लिहून काढतोय.

जुजबी माहिती आधी. ही ब्रिटिश विज्ञानकथा मालिका. पहिला भाग बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी लागला. १९८९ पर्यंत सव्वीस सीझन झाले, मग मालिका बंद पडली. १९९६ मध्ये एक टीव्ही चित्रपट आला आणि २००५ पासून मालिका नव्याने सुरू झाली. १९८९ पर्यंतच्या मालिकेला 'क्लासिक' म्हणतात. 'डॉक्टर' हा तिचा नायक परग्रहावरचा कालप्रवासी आहे, मरणाच्या दारात पोचला की त्याचं शरीर आणि स्वभाव बदलतो. यालाच रीजनरेशन म्हणतात. नट बदलायची ही सोय १९६६ मध्ये विल्यम हार्टनेल यांच्या जागी पॅट्रिक ट्राउटन आले तेव्हा पहिल्यांदा वापरली गेली. मालिका साठ वर्षांवर टिकली ती या सोयीमुळे, आणि 'कोणाचा काळ चांगला' हा वादही तिच्याच पोटातून निघाला.

पायरी १: 'काळ' म्हणजे नक्की काय, ते ठरवा

बहुतेक जण काळ मोजतात तो डॉक्टरच्या चेहऱ्यावरून. टॉम बेकरचा काळ, डेव्हिड टेनंटचा काळ. बोलायला हे सोपं पडतं, पण वादात ते फार लवकर उघडं पडतं.

टॉम बेकर यांचंच बघा. १९७४ ते १९८१, सगळ्यांत जास्त काळ डॉक्टर राहिलेले नट. पण या सात वर्षांत निर्माते बदलत गेले आणि मालिका तीनदा वेगळी झाली. आधी फिलिप हिंचक्लिफ निर्माते आणि रॉबर्ट होम्स पटकथा संपादक: अंधारे वाडे, ममी, जिवंत होणारी प्रेतं, अंगावर काटा आणणारं भयपट वळण. त्यातल्या हिंसेवर, टीव्हीवर काय दाखवावं यासाठी मोहीम चालवणाऱ्या मेरी व्हाइटहाउस यांनी जाहीर आवाज उठवला. पुढचे निर्माते ग्रॅहॅम विल्यम्स यांना हिंसा कमी करायच्या सूचना होत्या, तेव्हा मालिका विनोदाकडे झुकली. काही काळ डग्लस अॅडम्स पटकथा संपादक होते, ते त्याच दिवसांत. १९८० मध्ये जॉन नेथन-टर्नर आले आणि क्रिस्टोफर बिडमीड यांच्या हाताखाली पटकथा एकदम गंभीर आणि विज्ञानाकडे वळलेल्या झाल्या. नट तोच, लांब मफलर तोच (रंग तेवढा बदलला), पण तीन निराळ्या मालिका. त्यामुळे कोणी 'टॉम बेकरचा काळ सर्वोत्तम' म्हणालं की एवढंच विचारा: त्यातला कुठला?

२००५ नंतर हे सोपं आहे, कारण सूत्रं एकाच शोरनरच्या, म्हणजे मुख्य लेखक-निर्मात्याच्या हाती असतात. २००५ ते २०१० रसेल टी. डेव्हिस, २०१० ते २०१७ स्टीव्हन मॉफट, २०१८ ते २०२२ क्रिस चिबनल आणि २०२३ पासून पुन्हा डेव्हिस. टेनंट आणि मॅट स्मिथ यांच्यात तुम्हाला जो फरक जाणवतो, त्यातला मोठा वाटा डेव्हिस आणि मॉफट यांच्या लेखणीचा आहे. डेव्हिस यांच्या कथा घर आणि नात्यांपासून सुरू होतात. मॉफट यांना काळाची गुंतागुंत आणि कोडी प्रिय.

तेव्हा पहिलं काम हे: प्रत्येक कथेपुढे डॉक्टरबरोबर निर्मात्याचं किंवा शोरनरचं आणि पटकथा संपादकाचं नाव लिहायची सवय लावून घ्या. दहा कथांनंतर तुमची आवड कुठल्या नटाकडे नाही, तर कुठल्या लेखकाकडे ओढ घेतेय, हे कळायला लागतं. मला रॉबर्ट होम्स आवडतात, हे मला असंच कळलं.

पायरी २: जुने भाग रोज एकच बघा

१९६३ पासून क्रमाने सगळं बघायचा हट्ट धरू नका. त्या निश्चयाने सुरू करून पहिल्याच सीझनमध्ये अडकलेले बरेच जण मी पाहिलेत. आधी नव्या मालिकेतल्या पाच-सहा कथा बघा, मग उडी मारून मागे जा.

मागे गेल्यावर मात्र वेग बदला. क्लासिक मालिकेतली कथा साधारण पंचवीस मिनिटांच्या चार किंवा सहा भागांत असते आणि लिहिताना आठवड्याला एक भाग असाच हिशेब धरलेला असतो. प्रत्येक भागाच्या शेवटी कोणीतरी संकटात लटकतं, पुढच्या भागात तेच थोडं पुन्हा दाखवतात. सहा भाग सलग बघितले तर हे पुनरावर्तन डोक्यात जातं. मी सुरुवातीला तेच केलं आणि साठच्या दशकातली सगळी मालिका 'संथ' म्हणून निकालात काढली. पुढे एका आजारपणात रोज रात्री एकच भाग बघायचा नेम ठेवला, तेव्हा तोच संथपणा उत्कंठा वाटायला लागला. दोष मालिकेचा नव्हता, माझ्या बघण्याचा होता. कुठल्याही जुन्या काळाला नावं ठेवण्याआधी एवढं करून बघाच.

पायरी ३: मार्च १९८४ चे आठ भाग बघा

या लेखातलं एकच काम करायला वेळ असेल तर हे करा.

'डॉक्टर हू मॅगझिन'ने २००९ मध्ये तोवरच्या दोनशे कथांवर वाचकांचा कौल घेतला. पहिली आली 'द केव्ह्ज ऑफ अँड्रोझानी'. दोनशेवी, म्हणजे तळाची, 'द ट्विन डिलेमा'. या दोन कथा एकमेकींना लागून आहेत. पहिलीचे चार भाग ८ ते १६ मार्च १९८४ दरम्यान दाखवले गेले आणि दुसरीचे २२ ते ३० मार्च दरम्यान. निर्माते दोन्हींचे नेथन-टर्नर, पटकथा संपादक दोन्हींचे एरिक सॉवर्ड, डॉक्टरची सोबतीण दोन्हींत पेरी. म्हणजे चाहत्यांच्या लेखी सर्वोत्तम आणि सर्वांत वाईट यांच्यात अंतर होतं सहा दिवसांचं. २०१४ च्या कौलात ५० वर्षांच्या २४१ कथा होत्या. तेव्हा 'केव्ह्ज' चौथी आली, 'ट्विन डिलेमा' पुन्हा शेवटची.

आता त्या नीट बघा. 'केव्ह्ज'मध्ये विश्व वाचवायचं नाहीये. डॉक्टर (पीटर डेव्हिसन) आणि पेरी यांना पहिल्याच भागात विषबाधा होते, आणि दुसऱ्यांच्या युद्धात, दुसऱ्यांच्या लोभात ते दोघं भरडले जातात. तिसऱ्या भागाचा शेवट दोनदा बघा. डॉक्टरला एका यानात साखळीने बांधून नेत आहेत. तो सुटतो, दार बंद करून यानाचा ताबा घेतो आणि पेरी जिथे आहे त्या ग्रहाकडे ते वळवतो. बाहेरून दार कापत आणतात, बंदूक रोखतात. तो घामाने डबडबलेला आहे, विष अंगात भिनलंय, मरणारच आहे म्हणून बंदुकीला भीत नाही. ग्रहाचा पृष्ठभाग पडदाभर अंगावर येतो आणि भाग संपतो. शेवटी औषध एकीपुरतंच उरतं आणि तो ते पेरीला देतो. लेखक रॉबर्ट होम्स, दिग्दर्शक ग्रीम हार्पर. आणि याच कथेत मालिकेतल्या सुमार राक्षसांपैकी एक आहे, पोशाखातला माणूस लपता लपत नाही. पहिला नंबर मिळाला तो त्याच्यासकट.

सहा दिवसांनी नवा डॉक्टर, कॉलिन बेकर. रीजनरेशननंतर त्याचं डोकं ठिकाणावर नाही, आणि त्या भरात तो पेरीचा गळा आवळतो. ज्या मुलीसाठी आधीच्या डॉक्टरने जीव दिला, तिचाच. आरशात स्वतःचा चेहरा दिसतो तेव्हा कुठे थांबतो. कल्पना धीट आहे, मी ती सरसकट वाईट म्हणणार नाही. पण धीट कल्पना पेलायला त्यामागे पटकथा लागते, आणि इथे पुढे आहेत महाकाय गोगलगायी आणि गणिती जुळी मुलं. त्यात ही सीझनची शेवटची कथा. प्रेक्षकांची नव्या डॉक्टरशी ओळख आधीच व्हावी म्हणून ती सीझनच्या शेवटी ठेवली होती. झालं उलटं. पुढचा सीझन जानेवारी १९८५ मध्ये आला आणि तोवर नऊ महिने लोकांच्या मनात डॉक्टर राहिला तो गळा आवळणारा.

हे आठ भाग बघून झाल्यावर एका कागदावर लिहा: या दोन कथांत नेमकं काय बदललं? लेखक, दिग्दर्शक, नट, कथेचा आवाका, सीझनमधली जागा. हा कागद जपून ठेवा. 'ऐंशीचं दशक म्हणजे कचरा' असं कोणी म्हणालं की तो कामी येतो.

नव्या मालिकेतली अशीच एक जोडी आहे. २००६ चा 'लव्ह अँड मॉन्स्टर्स' आणि २००७ चा 'ब्लिंक'. दोन्हींत डॉक्टर जेमतेम दिसतो, कारण एकाच वेळी दोन भागांचं चित्रीकरण उरकण्यासाठी नायकाला बाजूला ठेवून भाग लिहायची युक्ती तेव्हा काढली होती. अडचण तीच. पहिल्यावर आजही टीका होते, दुसरा २०१४ च्या कौलात दुसरा आला. मला स्वतःला 'लव्ह अँड मॉन्स्टर्स'चा पहिला अर्धा भाग मनापासून आवडतो. एखाद्या गोष्टीच्या वेडापायी एकत्र आलेली पाच साधी माणसं किती सुखात असतात, ते त्यात फार खरं दाखवलंय.

पायरी ४: त्या काळावर बाहेरून काय कोसळत होतं, ते बघा

१९७० मध्ये जॉन पर्टवी यांच्या डॉक्टरला शिक्षा म्हणून पृथ्वीवर डांबून ठेवलं. कथेत ते नाट्यमय वाटतं, पण त्याने खर्चही वाचत होता. परग्रह उभारायला नकोत. त्याआधीच्या सीझनमध्ये ४४ भाग होते, या सीझनमध्ये २५. त्याच अडचणीतून 'इन्फर्नो'सारखी घट्ट विणलेली कथा निघाली.

कॉलिन बेकर यांच्या वाट्याला उलटं आलं. १९८५ मध्ये मालिका दीड वर्ष थांबवली गेली, १९८६ मध्ये चौदा भागांची एकच लांबलचक खटल्याची कथा झाली आणि मग त्यांना काढून टाकलं. रीजनरेशनच्या प्रसंगासाठी यायला त्यांनी नकार दिला, म्हणून नवे डॉक्टर सिल्व्हेस्टर मॅकॉय यांनाच विग घालून जमिनीवर पाडलं. पुढे मॅकॉय यांच्या मालिकेची वेळ दुसऱ्या वाहिनीवरच्या 'कोरोनेशन स्ट्रीट' या लोकप्रिय मालिकेच्या समोर ठेवली. १९८९ च्या 'बॅटलफिल्ड'चा पहिला भाग अवघ्या ३१ लाख लोकांनी पाहिला. पण त्याच शेवटच्या दोन सीझनमध्ये पटकथा संपादक अँड्र्यू कार्टमेल नवे लेखक घेऊन डॉक्टरला पुन्हा गूढ करत होते, आणि आज अनेक जाणते चाहते त्या सीझनना मालिकेच्या उत्तम कामात धरतात. मीही धरतो.

म्हणून वादात प्रेक्षकसंख्या पुढे करू नका. १९७९ च्या 'सिटी ऑफ डेथ'चा शेवटचा भाग एक कोटी साठ लाखांहून जास्त लोकांनी पाहिला. कथा सुरेख आहेच, पण तेव्हा समोरच्या आयटीव्ही वाहिनीवर संप होता आणि लोकांना बघायला दुसरं फारसं काही नव्हतं.

पायरी ५: जे उरलेलंच नाही, त्यावर जपून बोला

साठच्या दशकातले नव्वदहून जास्त भाग आज उपलब्ध नाहीत. बीबीसीने टेप पुसून पुन्हा वापरल्या. परदेशी वाहिन्यांना विकलेल्या फिल्मच्या प्रतींतून काही परत मिळाले. सगळ्यांत जास्त फटका बसला ट्राउटन यांना.

यामुळे मतं कशी वाकतात, ते 'द एनिमी ऑफ द वर्ल्ड'वरून कळतं. सहा भागांची ही कथा १९६७-६८ ची, ट्राउटन डॉक्टरही आणि खलनायकही. वर्षानुवर्षं तिचा फक्त तिसरा भाग शिल्लक होता. त्यात बोलाचाली, बंद खोल्या, एक कुरकुरा आचारी. त्या एका भागावरून अख्खी कथा रटाळ ठरली. २०१३ मध्ये नायजेरियात सापडलेले नऊ भाग जाहीर झाले, त्यात या कथेचे उरलेले पाचही होते. पहिल्याच भागात समुद्रकिनारा, हॉवरक्राफ्ट, हेलिकॉप्टर. वेग असा की चाहते थक्क झाले, आणि कथेचं नाव एका रात्रीत वर गेलं.

न सापडलेल्या भागांचे आवाज मात्र चाहत्यांनी तेव्हाच घरी टेपवर धरून ठेवले होते, त्यामुळे ते ऐकता येतात. काहींवर अॅनिमेशनही झालंय. ते अनुभवा, पण मत देताना 'ऐकलंय, पाहिलेलं नाही' हे सांगून टाका. जुने चाहते या प्रामाणिकपणाची कदर करतात.

पायरी ६: आजचा निकाल उद्या टिकेलच असं धरू नका

१९७६ मध्ये 'द डेडली असॅसिन' आली. टाइम लॉर्ड्स, म्हणजे डॉक्टरचे जातभाई, तोवर देवासारखे दाखवले होते. इथे ते कारस्थानी, थकलेले म्हातारे राजकारणी निघाले. चाहत्यांच्या संघटनेच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी, मालिकेतली जादू गेली, अशा अर्थाची जळजळीत समीक्षा लिहिली. आज ती कथा अभिजात मानली जाते आणि पुढच्या लेखकांनी टाइम लॉर्ड्स रंगवले ते बहुतेक तिच्याच आधारावर. उलटही होतं. 'द टॅलन्स ऑफ वेंग-चियांग' एकेकाळी सर्वांत वरच्या कथांत असायची. चिनी पात्रांचं त्यातलं चित्रण आणि गोऱ्या नटाला चिनी बनवणं आता अनेकांना बघवत नाही. कथेची वीण आजही अप्रतिम आहे आणि ते चित्रण आजही बोचतं. दोन्ही एकदम म्हणता येतं.

आणखी एक प्रसंग माहीत असू द्या. डिसेंबर १९८६ मध्ये बीबीसीच्या 'ओपन एअर' कार्यक्रमात काही तरुण चाहत्यांना बोलावलं होतं. त्यातल्या सोळा वर्षांच्या एका मुलाने नुकत्याच संपलेल्या सीझनवर, लेखकांच्या तोंडावर, सडकून टीका केली. तो मुलगा म्हणजे क्रिस चिबनल. बत्तीस वर्षांनी मालिका त्यांच्या हाती होती, आणि २०२० मध्ये त्यांनी डॉक्टरच्या उगमाची कथा बदलली तेव्हा त्यांच्यावरही तशीच टीका झाली. मला चिबनल यांच्या काळातल्या अनेक पटकथा कच्च्या वाटतात. पण ते रेकॉर्डिंग पाहिल्यापासून मी लिहिताना एवढं लक्षात ठेवतो की समोरचा लेखकही याच मालिकेवर जीव लावून बसलेला असू शकतो.

पायरी ७: आता बोला

मत मांडताना कथेचं नाव घ्या आणि शक्य तर प्रसंगाचंही. 'कापाल्डीचा काळ कंटाळवाणा' यावर कोणी काय बोलणार? 'हेवन सेंट'मध्ये पीटर कापाल्डी जवळजवळ एकटेच भाग ओढून नेतात, पण 'किल द मून'चा शेवट मला पटला नाही, असं म्हणालात की समोरच्याला उत्तर द्यावंसं वाटतं.

नटावरची टीका आणि लेखनावरची टीका वेगळी ठेवा. जोडी व्हिटेकर यांच्याबाबतीत हे फार जपायला हवं. डॉक्टर बाई आहे म्हणून नाक मुरडणारे आणि पटकथा सैल आहेत म्हणून हळहळणारे एकाच तागडीत तोलले गेले, आणि एका चांगल्या अभिनेत्रीच्या कामाविषयी धड बोलणंच झालं नाही.

कोणाच्या लाडक्या डॉक्टरला थेट हात घालू नका. ज्याचा हात धरून माणूस मालिकेत आला, तो त्याचा डॉक्टर, तिथे युक्तिवाद चालत नाही आणि चालवूही नये. 'खरे चाहते' हे शब्द वापरूच नका. आणि शेवट उघड करण्याआधी विचारा. कथा १९७५ ची असली तरी समोरच्यासाठी ती उद्या रात्रीची असू शकते.

पायरी ८: वही ठेवा

कथा, तारीख, निर्माता, लेखक, दोन ओळी आणि दहापैकी गुण. एवढंच.

माझ्या वहीत १९८२ च्या 'किंडा'ची नोंद दोनदा आहे. पहिली: 'जंगल उघडउघड स्टुडिओतलं. शेवटी रबरी साप. ३.' खाली अनेक वर्षांनंतरची दुसरी, वेगळ्या शाईत. त्या खेपेला मी नावं ऐकली. डॉक्टरची सोबतीण टेगन, तिच्या स्वप्नात येऊन तिच्या मनाचा ताबा मागणारी शक्ती मारा. स्वप्नात तिला छळणारा दुक्खा. आंधळी शहाणी म्हातारी पन्ना, म्हणजे प्रज्ञा. म्हातारी मरते तेव्हा तिचं सगळं ज्ञान जिच्यात उतरतं ती पोर करुणा. लेखक क्रिस्टोफर बेली बौद्ध विचारातून लिहीत होते आणि कथेचा सांगाडा माझ्या ओळखीच्या शब्दांत माझ्यासमोर उभा होता, तरी पहिल्या खेपेला मी सापाकडेच बघत बसलो होतो. दुसरी नोंद पान भरून आहे. शेवटी लिहिलंय: 'साप अजूनही रबरी. ९.'